लाल दिवा लागतच नाही

प्रश्न थोडक्यात: यंत्रांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात प्रॉडक्शन सांभाळणाऱ्या एका वाचकाचं पत्र आलंय. सहा महिन्यांपूर्वी व्यवस्थापनानं ‘व्हिज्युअल कंट्रोल’, म्हणजे डोळ्यांना दिसणाऱ्या खुणांनी काम ताब्यात ठेवण्याची पद्धत, आणायचं ठरवलं आणि ते काम यांच्या अंगावर आलं. यांनी जमिनीवर पिवळे पट्टे मारून घेतले, हत्यारांच्या आकृत्या काढलेले बोर्ड भिंतीवर लावले, प्रत्येक लाइनला तासागणिक उत्पादनाचा बोर्ड दिला, मशीनवर ऑपरेटरनं बटण दाबून लावायचे तीन रंगांचे दिवे बसवले. एकूण १७ बोर्ड. पहिला महिना छान गेला. आता तासाचे आकडे शिफ्ट संपताना एकदम भरले जातात, पट्ट्यांच्या आत भलत्याच ट्रॉल्या उभ्या असतात आणि लाल दिवा तर मशीन बंद पडलं तरी लागत नाही. ऑपरेटर म्हणतात, ‘हे सगळं आमच्यावर नजर ठेवायला आहे.’ पत्रात जाता जाता असंही आलंय की सुरुवातीला एकदा लाल दिवा लागला होता, तेव्हा सकाळच्या मीटिंगमध्ये साहेबांनी त्या ऑपरेटरचं नाव घेऊन कारण विचारलं होतं, ‘पण रागावून नाही’. प्लँट हेडना आता मोठे स्क्रीन बसवायचेत. अडीच महिन्यांनी ग्राहकाचं ऑडिट आहे. विचारणा अशी, की बोर्ड वेळेवर न भरणाऱ्याला दंड लावावा, की स्क्रीन घेऊन माणसांवर अवलंबून राहणंच बंद करावं? आणि शेवटी एक सुस्कारा: ‘आमची माणसं जपानी नाहीत, हेच खरं.’

उत्तर:

तुमचं पत्र दोनदा वाचलं. पहिल्या वाचनात १७ बोर्डांनी दमलो. दुसऱ्या वाचनात तीन शब्दांवर अडकलो: ‘पण रागावून नाही’.

त्या सकाळच्या मीटिंगमध्ये जरा ऑपरेटरच्या खुर्चीत बसून बघा. एकानं दिवा लावला. दुसऱ्या दिवशी चारचौघांत त्याचं नाव निघालं. साहेबांचा आवाज चढला नव्हता हे तुमच्या लक्षात राहिलं. बाकीच्यांच्या लक्षात नाव राहिलं. ही बातमी त्याच दिवशी सगळ्या शिफ्टला पोचली असणार. त्यानंतर दिवा कोण लावेल? मी तरी लावला नसता.

मलाही हे उशिराच कळलं. एका कारखान्यात आम्ही असेच दिवे बसवले होते. महिनाभरानं फेरी मारताना एका लेथवरच्या दिव्याला जुना रबरी हातमोजा चढवलेला दिसला, नेमका वरच्या लाल भागावर. ऑपरेटरला विचारलं, तर म्हणाला, ‘साहेब, धूळ बसते.’ खालच्या पिवळ्या आणि हिरव्यावर धूळ बसत नसावी. नंतर, चांगली ओळख झाल्यावर, त्यानं खरं सांगितलं. कूलंटचा पंप अडकत होता म्हणून त्यानं तीन वेळा लाल दिवा लावला. तिसऱ्या वेळी ४० मिनिटं कुणी फिरकलं नाही. आणि शिफ्ट संपताना सुपरवायझर आला तो टार्गेट का चुकलं हे विचारायला. दिवा लावून मदत तर आली नाही, वर ‘याच्या मशीनला सारखं काहीतरी होतं’ अशी ख्याती झाली. मोजा चढवला त्यात त्याचं काय चुकलं?

म्हणून तुमच्या पत्रातली पहिली समजूत मी जरा बाजूला ठेवतो. लोक बोर्ड पाळत नाहीत असं तुम्ही म्हणता. मला वाटतं, बोर्डाला कुणी उत्तर देत नाही, आणि हे लोकांनी तुमच्याआधी ओळखलंय.

शिफ्टच्या शेवटी भरलेला बोर्ड नीट बघा. आठही तासांचे आकडे एकाच पेनानं, एकाच तिरप्या अक्षरात, एका दमात लिहिलेले असतील. ४८, ४८, ४७, ४८. हा बोर्ड भरणाऱ्याला एक गोष्ट पक्की ठाऊक असते: दुसऱ्या तासाला ३१ लिहिलं असतं, तरी तिसऱ्या तासाला काही बदललं नसतं. मग दर तासाला हातातलं काम टाकून कशाला जायचं? वहीत लिहा किंवा भिंतीवर लिहा, त्याच्या दृष्टीनं ती नोंदच आहे. भिंतीवरची नोंद फक्त जास्त लोकांना दिसते एवढंच.

इथे एक फरक करायला हवा. तो प्रशिक्षणात सांगतात, पण घाईत निसटतो. माहिती दिसणं वेगळं आणि त्या दिसण्यानं काम ताब्यात राहणं वेगळं. ‘आजचं रिजेक्शन ३ टक्के’ असा बोर्ड माहिती देतो. ‘या रॅकवर लाल रेघ दिसू लागली की स्टोअरचा माणूस पुढची बिन (सुट्या मालाचा डबा) आणतो’ हे नियंत्रण. दुसऱ्यात कुणी, काय आणि कधी करायचं हे त्या खुणेतच ठरलेलं असतं. तुमच्या १७ बोर्डांपैकी दुसऱ्या प्रकारचे किती आहेत? पत्रावरून मला एकही सापडला नाही.

या गोष्टीचं एक जुनं उदाहरण कारखान्यातलं नाही, जहाजाचं आहे. जहाजात मर्यादेबाहेर माल भरून खलाशांचे जीव जात, म्हणून ब्रिटनमध्ये सॅम्युएल प्लिमसॉल या खासदारानं चळवळ केली आणि १८७६ साली जहाजाच्या अंगावर भाररेषा मारणं सक्तीचं झालं. रेघ पाण्याखाली गेली की माल जास्त झाला. बंदरावरच्या पोरालाही दिसावं इतकं सोपं. पण रेघ कुठे मारायची हे जहाजमालकावर सोडलं होतं. ते कायद्यानं ठरायला १८९०चं दशक उजाडलं. म्हणजे मधली कितीतरी वर्षं रेघ होती, ठळक होती, आणि तरी माल किती भरायचा ते मालकच ठरवत होता. तुमचे पिवळे पट्टे आज त्या अवस्थेत आहेत. पट्ट्यात भलती ट्रॉली उभी राहिली तर ती कुणी हलवायची? आणि तिला दुसरी जागाच नसेल तर? दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर बहुतेक वेळा ‘खरंच जागा नाही’ असंच निघतं. ट्रॉली तिथे येते कारण पुढचं स्टेशन तुंबलेलं असतं. पट्टा तुम्हाला ते दाखवतोय. तुम्ही त्याला शिस्तीचा प्रश्न समजताय.

आता काय करायचं ते बोलू.

आधी थोडे बोर्ड काढा. हे प्लँट हेडना रुचणार नाही हे मला माहीत आहे, म्हणून शब्द जपून वापरा: ‘चार आठवडे एकाच सेलवर, म्हणजे मशीनच्या एकाच गटावर, प्रयोग करतो, बाकीचे बोर्ड तोवर झाकून ठेवतो.’ प्रत्येक बोर्डासमोर उभं राहून एक प्रश्न विचारा. यावरचा आकडा वाईट आला तर पुढच्या तासाभरात कोण काय वेगळं करणार आहे? नाव सांगता आलं नाही तर तो बोर्ड खाली. खोटे आकडे असलेला बोर्ड रिकाम्या भिंतीपेक्षा वाईट, कारण तो रोज सगळ्यांना शिकवतो की इथे लिहिलेलं खरं नसतं.

मग सेल निवडा. सगळ्यात चांगला निवडू नका आणि सगळ्यात बिघडलेलाही नको. जिथला टीम लीडर ऐकून घेणारा आहे तो घ्या. तिथे वही घेऊन सलग दोन तास उभे राहा आणि लोक एकमेकांना काय विचारतात ते फक्त लिहा. ‘हा लॉट तपासलेला आहे का?’ ‘प्लग गेज कुणाकडे आहे?’ ‘यानंतर कुठला जॉब लावायचा?’ ‘इन्सर्ट शेवटचा कधी बदलला?’ दोन तासांत तुमचं पान भरेल. जो प्रश्न पुन्हा पुन्हा येतो, तिथे खूण हवी. कुठली खूण हे त्या प्रश्न विचारणाऱ्यालाच ठरवू द्या. तुम्ही आकृत्यांचे बोर्ड केलेत तेव्हा हत्यारं कुठल्या क्रमानं टांगायची हे कुणी ठरवलं होतं? तुम्ही ठरवलं असेल आणि ती हत्यारं आज ड्रॉवरमध्ये पडलेली असतील, तर त्याचं कारण तिथेच आहे. ज्याचा हात तिथे दिवसातून पन्नास वेळा जातो, त्याला माहीत असतं की पाना उजवीकडे हवा.

पट्ट्यांसाठी पहिला महिना रंग वापरू नका, टेप वापरा. टेप ट्रॉलीच्या चाकांखाली एकाच जागी पुन्हा पुन्हा फाटली, तर रेघ तिथे चुकलीय असं समजा आणि सरकवा. रंगाची रेघ सरकवायला कुणी तयार होत नाही, मग माणसंच तिच्याभोवती वळसा घालायला लागतात.

पहिल्या खुणा अशा निवडा ज्यात लिहायचं काही नसतं. हायड्रॉलिक टाकीच्या काचेवर वरची आणि खालची रेघ. प्रेशर गेजच्या तबकडीवर जेवढा दाब चालतो तेवढ्याच भागाला हिरवा रंग, म्हणजे आकडा वाचायची गरजच नाही, काटा हिरव्यात आहे की नाही एवढंच. घट्ट केलेल्या बोल्टच्या डोक्यावरून खालच्या पृष्ठभागापर्यंत ओढलेली एक सरळ रेघ. बोल्ट ढिला होऊन फिरला की रेघ तुटलेली दिसते. दोन बिनची पद्धत: समोरची संपली की मागची वापरायची, आणि रिकामी बिन हीच नव्या मालाची ऑर्डर. चांगला आणि नाकारलेला असे दोन खरे तुकडे तपासणीच्या टेबलावर शेजारी बांधून ठेवणं. ओरखडा किती चालेल हा वाद पानभर शब्दांत मिटत नाही, तो तुकडे हातात घेतल्यावर मिटतो. हे सगळं एका आठवड्यात होतं, पैसे जवळजवळ लागत नाहीत आणि कुणाला वाटत नाही की हे आपल्यावर नजर ठेवायला आहे. उलट सकाळची मशीन-तपासणी लवकर उरकते. हा विश्वास तुम्हाला दिव्याच्या वेळी लागणार आहे.

कुठलीही खूण जमली की नाही हे बघायला सोपी परीक्षा आहे. दुसऱ्या विभागातल्या माणसाला आणून तिच्यासमोर उभं करा. कुणालाही न विचारता, पाच सेकंदांत, इथे ठीक चाललंय की नाही हे त्याला सांगता आलं पाहिजे. तो ‘हे काय आहे?’ म्हणाला, तर खूण नापास; तो नाही.

रंगांबद्दल थोडंच. लाल, पिवळा, हिरवा, निळा यांचे सुरक्षेतले अर्थ आंतरराष्ट्रीय मानकांत ठरलेले आहेत: लाल मनाईचा, पिवळा सावधानतेचा, हिरवा सुरक्षित स्थितीचा, निळा ‘हे करायलाच हवं’ याचा. त्यावर आपले घरगुती अर्थ चढवू नका. आणि फक्त रंगावर भिस्त ठेवू नका. युरोपीय वंशाच्या पुरुषांत साधारण ८ टक्के लोकांना लाल-हिरव्यातला फरक नीट कळत नाही. इतर समाजांत प्रमाण कमी असलं तरी असे लोक असतातच, आणि ते स्वतःहून सांगत नाहीत. दिव्याची जागा ठरलेली ठेवा, खुणेला आकार किंवा शब्द द्या.

आता दिवा. शॉपफ्लोअरवर ज्याला ‘अंडॉन’ म्हणतात, तो शब्द जपानी कागदी कंदिलाचा आहे. त्यामागची कल्पना कारखान्यातल्या या दिव्याहून जुनी, कापड गिरणीतली. साकिची टोयोडांचा १९२४ सालचा स्वयंचलित माग धागा तुटला की आपोआप थांबायचा, त्यामुळे एक माणूस बऱ्याच मागांवर लक्ष ठेवू शकायचा. यातली मेख अशी, की थांबलेला माग म्हणजे त्या माणसाला बोलावणं होतं. माग थांबला म्हणून कुणी मागाला जाब विचारला नाही. पुढे टोयोटाच्या मोटारींच्या लाइनवर मदत मागायची दोरी आली तेव्हाही तेच तत्त्व: दोरी ओढली की आधी टीम लीडर धावत येतो, ठरलेल्या टप्प्यापर्यंत अडचण सुटली तर लाइन चालूच राहते, नाही सुटली तरच थांबते. दोरी ओढणाऱ्याचं काम तिथे संपतं. खरं काम धावत येणाऱ्याचं सुरू होतं.

म्हणून तुमच्या सेलमध्ये दिवा परत सुरू करण्याआधी येणाऱ्यांचं ठरवा. टीम लीडर किती मिनिटांत येणार? त्याच्यानं नाही झालं तर मेंटेनन्स किती मिनिटांत? त्यानंतर तुम्ही? आणि तुमच्यानंतर प्लँट हेड? हे आकडे कागदावर छान दिसावेत म्हणून लिहू नका. दोन मिनिटं लिहून २० मिनिटांनी येण्यापेक्षा दहा लिहून आठव्या मिनिटाला या. मेंटेनन्सची दोनच माणसं असतील आणि ती तीन शेड सांभाळत असतील, तर तिथे दिवा वाढवण्याआधी माणूस वाढवायचा विचार करावा लागेल. हे प्लँट हेडना स्पष्ट सांगा. या यंत्रणेचा खर्च दिव्यात नसतो, तो धावत येणाऱ्याच्या वेळात असतो. बजेट मांडताना नेमका तोच गाळला जातो.

पहिले चार आठवडे लाल दिव्यांची संख्या कमी करायचं उद्दिष्ट ठेवू नका. ती वाढली पाहिजे. ज्या सेलमध्ये रोज आठ-दहा वेळा लाल किंवा पिवळा लागतोय आणि प्रत्येक वेळी कुणी पोचतंय, तो सेल नीट चाललाय. सकाळच्या मीटिंगमध्ये मशीनचा नंबर बोला, ऑपरेटरचं नाव नको. पहिला प्रश्न असा: ‘काल सहा नंबरला कोण, किती वेळात पोचलं?’ जाब द्यायचाच असेल तर पोचणाऱ्यानं द्यावा. साहेबांना ही सवय लावणं हे तुमच्या सगळ्या कामातलं अवघड काम आहे, दिवे बसवण्याहून कितीतरी. त्यांना एकांतात सांगा. आणि ज्याचं नाव त्या दिवशी निघालं होतं, त्याच्याकडे स्वतः जा. ‘त्या दिवशी तुमचं नाव घ्यायला नको होतं’ एवढं म्हटलंत तरी पुरे. कामगार प्रतिनिधी असतील तर दिव्यांच्या नोंदी कुणावरही कारवाईसाठी वापरल्या जाणार नाहीत हे त्यांना लेखी द्या, आणि मग खरोखर पाळा.

तासाच्या बोर्डात एक रकाना वाढवा आणि एक काढा. ऑपरेटरचं नाव काढा. ‘ठरलेलं’, ‘झालेलं’, ‘का’ यांच्या पुढे ‘कोण आलं, काय केलं’ हा रकाना वाढवा आणि तो येणाऱ्याच्या अक्षरात असू द्या. दर तासाला बोर्डावर दोन वेगवेगळी अक्षरं दिसायला लागली की तो बोर्ड जिवंत आहे. टीम लीडरनं तासाला एक फेरी मारायचीच, आकडा बरोबर असला तरी. सुरुवातीला ‘का’ या रकान्यात ‘मशीन प्रॉब्लेम’ एवढंच येईल. चिडू नका. तिथेच उभं राहून विचारा, ‘म्हणजे नेमकं काय झालं?’ आणि सांगतील ते तुम्ही लिहा.

दंडाबद्दल मी एवढंच म्हणेन: दंड लावलात तर बोर्ड नक्की वेळेवर भरले जातील. ४८, ४८, ४७, ४८.

स्क्रीनला माझा विरोध नाही. मशीन खूप असतील, पाच-दहा सेकंदांचे थांबे मोजायचे असतील किंवा दोन शेडमधलं काम एकमेकांवर अवलंबून असेल, तर हातानं नोंदी पुरत नाहीत. पण आज तुमची अडचण माहिती कमी आहे ही नाही. मशीन बंद आहे हे तिथे उभ्या असलेल्या प्रत्येकाला दिसतंच आहे. स्क्रीन तीच गोष्ट उंचावर, मोठ्या अक्षरांत सांगेल आणि तरीही कुणी येणार नाही. शिवाय स्क्रीनवरचा आकडा कुणाचाच नसतो. हातानं लिहिलेला आकडा लिहिणाऱ्याचा असतो. आधी एका सेलमध्ये हातानं जमवा. मग स्क्रीनवर काय हवंय हे तिथले लोकच सांगतील, आणि विक्रेत्यानं दाखवलेल्या चाळीस तक्त्यांपैकी तुम्हाला तीनच लागतील.

‘आमची माणसं जपानी नाहीत.’ हे वाक्य मी इतक्या ठिकाणी ऐकलंय की त्याचाही एक बोर्ड लावावा. कॅलिफोर्नियात फ्रीमाँट इथे जनरल मोटर्सचा एक कारखाना होता. गैरहजेरी, संप, खराब माल यांसाठी इतका बदनाम, की १९८२ साली तो बंद केला. १९८४ मध्ये टोयोटाबरोबर भागीदारीत तो ‘नुमी’ या नावानं पुन्हा सुरू झाला आणि कामावर घेतलेले बहुतेक कामगार तेच होते, युनियनही तीच. त्यांच्या हातात आता लाइन थांबवायची दोरी होती आणि ओढल्यावर कुणीतरी येत होतं. थोड्याच काळात तिथल्या गाड्यांचा दर्जा जपानमधल्या कारखान्यांच्या जवळ गेला. माणसं तीच, कॅलिफोर्नियाचीच.

राहिलं ऑडिट. तुमचा ग्राहक वाहन उद्योगातला असेल, तर त्या उद्योगाच्या दर्जाच्या मानकात, म्हणजे आयएटीएफ १६९४९ मध्ये, ऑपरेटरच्या सूचना आणि दृश्य मानकं यांसाठी वेगळं कलम आहे. त्याची अपेक्षा साधी आहे: सूचना काम करणाऱ्यांना समजाव्यात, वाचता येतील अशा असाव्यात, त्यांना कळणाऱ्या भाषेत असाव्यात आणि कामाच्या जागी हाताशी असाव्यात. किती बोर्ड हवेत हे त्यात कुठेही नाही. तुमच्या कामाच्या सूचना इंग्रजीत छापून प्लास्टिकमध्ये घालून टांगलेल्या असतील, तर ते आधी बदला. फोटो वाढवा, वाक्यं कमी करा. अनुभवी ऑडिटर फाइल बघण्याआधी ऑपरेटरला विचारतो, ‘हा तुकडा खराब निघाला तर तुम्ही काय करता?’ त्या वेळी ऑपरेटरनं तुमच्या तोंडाकडे न बघता दिव्याचं बटण दाखवलं, तर तुमचा एक सेल १७ बोर्डांना भारी पडेल. बाकीच्या सेलचं विचारलं, तर टप्प्याटप्प्यानं करतोय हे तारखांसकट दाखवा.

अडीच महिन्यांत चार आठवड्यांचा एक प्रयोग आणि त्याची एक दुरुस्ती एवढं बसतं. दुसरा सेल निवडताना पहिल्या सेलमधल्याच कुणाला तिकडे समजवायला पाठवा, तुम्ही मागे उभे राहा.

पहिल्या आठवड्यात किती वेळा लाल लागला आणि त्यातल्या किती वेळा कुणी ठरलेल्या वेळेत पोचलं, हे दोन आकडे मला कळवा. पहिला शून्य आला तर दुसऱ्याची वाट न बघता लगेच कळवा, आणि त्याआधी मशीनच्या डोक्यावर एकदा हातमोजे बघून या.